रफ टेरेन फोर्कलिफ्ट की टेलिहँडलर?

पाथर्डी फाट्याच्या तुमच्या बांधकामाच्या साइटवर यांपैकी कोणते यंत्र घ्यावे, हे माल कुठे ठेवायचा यावर ठरते. ब्लॉकचे पॅलेट ट्रकमधून उतरवून जमिनीवरच रचायचे असतील, तर उभ्या मास्टची (काटे वर-खाली नेणाऱ्या खांबाची) रफ टेरेन, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी, फोर्कलिफ्ट पुरेशी आहे. माल परांचीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर ठेवायचा असेल, तर मात्र टेलिहँडलरच (पुढे लांबणारा बूम, म्हणजे हात, असलेले यंत्र) घ्यावा. पाटीवर लिहिलेली कमाल क्षमता बूम आखडलेला असतानाची असते आणि बूम जसजसा पुढे जातो तसतशी ती झपाट्याने घटते, म्हणून केबिनमधील भार-तक्ता (बूम किती पुढे असताना किती वजन चालते, ते सांगणारा) वाचल्याशिवाय चालकाला पॅलेट उचलू देऊ नका. माझ्या मते यंत्राच्या निवडीपेक्षाही हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चारही चाकांना जोर असलेले यंत्रही रुतते, तेव्हा मुरूम टाकून, दाबून समतल जागा आधी करून घ्या आणि स्टॅबिलायझर (यंत्राला स्थिर धरणारे टेकू) असल्यास त्यांच्याखाली जाड लाकडी फळ्या द्या.