एम.एस्सी. प्राणिशास्त्रात करावी की जैवतंत्रज्ञानात?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून प्राणिशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. मला संशोधनाकडे वळायचे आहे. परंतु प्राणिशास्त्राला आता भवितव्य नाही, जैवतंत्रज्ञानच घ्यावे, असे घरचे सांगतात. शिवाय संशोधनात प्राणी मारावे लागतील, याची धास्ती वाटते.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : घरच्यांची काळजी समजण्यासारखी असली, तरी तिला फारसा आधार नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या, संशोधन शिष्यवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत प्राणिशास्त्राची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या साऱ्यांचे विद्यार्थी ‘जीवविज्ञान’ हीच प्रश्नपत्रिका सोडवतात, आणि २०० पैकी १०० गुण तिच्या तिसऱ्या, विश्लेषणात्मक भागाला असतात. त्यामुळे रेणवीय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र आपल्याला कोणत्याही पदवीत पक्के करावेच लागेल. पदवीच्या नावापेक्षा त्या विभागातील प्राध्यापक सध्या कशावर काम करतात, हे पाहून प्रवेश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राणी मारण्याविषयी सांगायचे, तर ते आपण कोणता प्रश्न निवडता यावर अवलंबून आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. गोड्या पाण्यातला हा प्राणी जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. काचेच्या बशीत तो मधोमध कापला, तर दोन्ही तुकडे जगतात. खालच्या तुकड्याला दोन-तीन दिवसांत नवे तोंड आणि शुंडके फुटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते उमलताना पाहणे हेच कित्येकदा दिवसभराचे काम असते. पृष्ठवंशीय प्राण्यांवर प्रयोग करायचा झाल्यास मात्र संस्थेच्या नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि पर्याय उपलब्ध असताना प्राणी का वापरायचा, याचे उत्तर तेथे द्यावे लागते. वर्तनाचा अभ्यास किंवा प्रजातींची गणना यांत तर बहुधा निरीक्षणच करायचे असते. पण संरक्षित प्रजातींना हात लावण्याआधी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार, वन खात्याची परवानगी घ्यावी लागते (ती मिळेपर्यंत कधीकधी हंगामच उलटतो, हे गृहीत धरावे).

वर्गीकरणशास्त्राकडे मुले पाठ फिरवतात, याचे मला आश्चर्य वाटते. नमुना अचूक ओळखणारा माणूस मिळणे कठीण झाले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तेथील संग्रह पाहण्याची परवानगी आपल्या प्राध्यापकांमार्फत मागावी. त्याचबरोबर तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा, म्हणजे एम.एस्सी.चा निर्णय घेण्यापूर्वी प्रयोगशाळेतले काम आपल्याला कितपत मानवते, ते कळेल.