शिक्षक व्हावेसे का वाटते?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावात राहते. यंदा गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाले असून बी.एड. करून शिक्षिका व्हावे, असे मनात आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी तिसरीत होते, तेव्हा धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी ते मलाही कारखान्यावर नेणार होते; परंतु आमच्या बाई घरी आल्या, आजीशी बोलल्या आणि त्यांनी माझी सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात केली. त्या वर्षी गावात राहिले म्हणूनच मी पुढे शिकले. हे कारण घरी सांगितले, तेव्हा मामा म्हणाले, ‘उपकार फेडायला कोणी नोकरी करतं का? पोलीस भरतीची तयारी कर.’ खरे सांगायचे तर कायमची नोकरी, गावाजवळची शाळा आणि सुट्ट्या यांचाही विचार माझ्या मनात आहे, आणि त्याची मला लाज वाटते. माझी कारणे पुरेशी आहेत का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : लाजेचा मुद्दा आधी संपवतो. ज्या घराचा संसार दर वर्षी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, उभा राहतो, त्या घरातील मुलीला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हवासा वाटला नाही, तरच नवल. हिशेब मात्र नीट ठाऊक असू द्या. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ६० टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे), त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि मग शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून निवड, अशी ही वाट आहे. आणि ही अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, हे लक्षात घेतले म्हणजे वाट पाहण्याची तयारी किती हवी ते कळते. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिक शाळेत दरमहा १६ हजार आणि माध्यमिक शाळेत १८ हजार रुपये आहे. गावाजवळची शाळा मिळेलच असे नाही. सुट्ट्यांविषयी एवढेच सांगतो, की केवळ त्यांच्यासाठी आलेला शिक्षक जूनपासूनच दिवस मोजू लागतो. तुमचे पत्र वाचून तुम्ही तशा वाटत नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. तो कडवट असला, तरी उडवून लावण्यासारखा नाही. कृतज्ञता ही फार मोलाची भावना आहे, पण तिचे तोंड मागे वळलेले असते. उद्या तुमच्यासमोर बसणाऱ्या मुलाने तुमच्यावर कोणताही उपकार केलेला नाही, आणि तुम्ही त्याच्यावर केलेला त्याला कदाचित वीस वर्षे कळणारही नाही. आपल्या गुरुजींचे ऋण मनात धरून या पेशात आलेले आणि चार-पाच वर्षांत ‘आताच्या मुलांना किंमतच नाही’ असे म्हणू लागलेले सहकारी मी जवळून पाहिले आहेत. ती माणसे वाईट नव्हती. वर्गात ती आपले बालपण शोधत होती, आणि समोरची मुले ते देऊ शकत नव्हती.

मी स्वतः शिक्षक झालो, ते वडील शिक्षक होते म्हणून. याहून वेगळे कारण मला तेव्हा विचारले असते, तर सांगता आले नसते. ते सापडले नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. वजाबाकी चालली होती. फळ्यावर ४०२ वजा १६८ होते आणि एका मुलाने पाटीवर ३६६ लिहून आणले. चुकीची खूण करून पाटी परत द्यायची, एवढेच मला येत होते. त्या दिवशी मात्र का कोण जाणे, मी विचारले, ‘कसं केलंस ते सांग.’ तो म्हणाला, ‘दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले.’ शून्य आणि सहा यांचेही त्याने तेच केले होते. म्हणजे तो अंदाजाने लिहीत नव्हता. त्याच्याकडे एक नियम होता आणि तो नियम त्याने प्रामाणिकपणे प्रत्येक घरात पाळला होता. मी काड्यांचे गठ्ठे काढले, शंभराचे चार आणि सुट्ट्या दोन काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्यातून आठ काड्या मागितल्या. तो बराच वेळ गठ्ठ्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘मध्ये काहीच नाही, मोठाच गठ्ठा सोडावा लागंल.’ त्याने शंभराचा एक गठ्ठा सोडला, त्याचे दहा-दहाचे गठ्ठे केले, त्यातला एक पुन्हा सोडला, १६८ काड्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या काड्या २३४ मोजल्या. त्या पाच-सात मिनिटांत मला जो आनंद झाला, त्याच्यावर मी पुढची बत्तीस वर्षे काढली. दुसऱ्याच्या डोक्यात एखादी गोष्ट कशी उलगडते, हे पाहण्याचे कुतूहल तुम्हाला आहे का, हे तपासा, बी.एस्सी.ला मिळालेल्या गुणांवरून ते कळणार नाही.

तरीही तुमचे कारण मी कमी लेखत नाही. ते तुम्ही चुकीच्या नावाने सांगत आहात, असे मला वाटते. तुमच्या बाईंनी केले त्याला उपकार म्हणू नका, ते त्यांचे काम होते आणि त्यांनी ते फार उत्तम केले. ऊसतोड मजुरांच्या टोळीची गाडी निघण्यापूर्वीच आपल्या पटावरचे कोणते नाव आता रिकामे पडणार, हे त्यांनी हेरले. धाकट्याला कोण सांभाळणार हा खरा अडसर आहे, हेही त्यांनी ओळखले असणार. एरवी आजीने त्यांचे ऐकले नसते. बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हेच दिसले होते, की गुरांमागे जाणारे मूल शाळेत येत नाही, ते आळसामुळे नव्हे. म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा उभी राहिली. दिवाळीच्या आठवड्यात ऊसतोड कामगाराच्या घरात काय बोलले जाते, उचल फिटली नाही तर काय होते, कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, राहिलेल्या मुलीच्या वाट्याला दिवसभर कोणते काम येते, हे शहरातून नेमणुकीवर आलेल्या शिक्षकाला कळायला वर्षे लागतील. तुम्हाला ते आजच ठाऊक आहे. ‘मला हे ठाऊक आहे’ हे कारण मामांना सांगा. त्यात फेडण्याचा प्रश्नच येत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र या कारणाशी थेट जोडलेली आहे. तुमच्या मनात जर तिसरीतली मुलगी असेल, तर बी.एड. तुम्हाला तिच्या वर्गापर्यंत नेणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही, तेथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. तीही दोन वर्षांची आहे आणि बारावीच्या पायावर होते, त्यामुळे पदवीनंतर तिकडे वळणे अनेकांना एक पायरी खाली उतरल्यासारखे वाटते. तसे मानू नका. उलट सहावी ते आठवीला गणित शिकवायचे असेल, तर बी.एस्सी. आणि बी.एड. हा मार्ग योग्यच आहे, आणि तेथेही तुमची गरज कमी नाही, कारण ऊसतोडीच्या घरांतील मुलींची शाळा त्या वयात पुष्कळदा लग्नापायी सुटते. दोन्ही वयांच्या मुलींना डोळ्यांसमोर आणा आणि कोणत्या वर्गात उभे राहायचे ते ठरवा; अभ्यासक्रमाचे नाव त्यानंतर आपोआप ठरेल.

प्रवेशाच्या अर्जापूर्वी एवढे करा. यंदा टोळ्या गेल्या, की गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मागे राहिलेल्या मुलांपैकी एकाला रोज तासभर गणित शिकवा. हुशार मूल निवडू नका. त्याची प्रत्येक चूक वहीत तारखेसह उतरवा आणि शेजारी त्याने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहा. टोळ्या परत येतील तेव्हा ती वही वाचून मला पुन्हा पत्र लिहा. त्यातल्या दोन-तीन चुका मलाही वाचायला आवडतील.