सही झाली म्हणजे सगळं बांधलं गेलं का? – इंग्लिश करार-कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये कराराचा कायदा एका पुस्तकात नाही, ‘कॉमन लॉ’त आहे म्हणतात. मग नियम शोधायचा कुठे?

निकालपत्रांत. संसदेचे कायदे आहेतच. पण प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला (वचन बंधनकारक व्हायला त्याच्या बदल्यात द्यावी लागणारी गोष्ट), भरपाई हा सगळा गाभा न्यायाधीशांनी एकेका खटल्यातून घडवला. मात्र निकालपत्रातला प्रत्येक शब्द बंधनकारक नसतो. निकाल ज्या तत्त्वावर उभा आहे, तेवढंच खालच्या कोर्टांना बांधतं. जाता जाता केलेल्या टिप्पणीला वजन असतं, पण ती कोणाला बांधत नाही. म्हणून आधी खटल्याची हकिगत वाचावी, मग तत्त्व. नुसतं एखादं झणझणीत वाक्य उचलून युक्तिवाद केला, की समोरचा वकील हकिगतीतला फरक दाखवून तो मोडून काढतो.

‘काम लांबलं तर दर आठवड्याला अमुक रक्कम’ असं कलम आहे, दोघांच्या सह्या आहेत. कोर्ट ती वसूल करून देईल?

बहुधा देईल, पण सह्या आहेत एवढ्यावर नाही. 1915 च्या डनलॉप खटल्यापासून कसोटी अशी चालत आली: रक्कम नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर ग्राह्य, नुसता धाक घालायला असेल तर रद्द. 2015 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ती बदलली. आता विचारलं जातं, की करार पाळला जाण्यात रक्कम मागणाऱ्या पक्षाचं रास्त हित काय, आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवाच्या सवा आहे का? त्याच निकालात एका पार्किंगचं प्रकरण होतं. दोन तास फुकट, पुढे थांबल्यास 85 पौंड. जागाचालकाचं त्या उशिराने थेट नुकसान काहीच नव्हतं, तरी ती आकारणी टिकली. कारण गाड्या हलत्या ठेवण्यात त्याचं हित होतं.

ही कसोटी फक्त करारभंगावर लागणाऱ्या रकमेला लागते. ‘लवकर संपवल्यास बक्षीस’ असं कलम बांधलं तर ती मुळात लागतच नाही. मसुदाकारांची ही आवडती वाट. उशिराच्या रकमेचं कलम कोर्टात टिकलं नाही तरी प्रत्यक्ष नुकसान मागता येतं, पण ते पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. म्हणून आकडा कसा काढला याचं टिपण सहीच्या वेळीच फाइलला लावावं.

काम अर्ध्यावर असताना जादा पैसे द्यायचं कबूल केलं. ते द्यावेच लागतात?

हा सर्वांत घसरडा भाग. 1809 च्या स्टिल्क खटल्यात दोन खलाशी पळाले. उरलेल्यांनी जहाज परत नेल्यास पळालेल्यांचा पगार वाटून देऊ, असं कप्तान म्हणाला. कोर्टाने वचन उडवून लावलं: जहाज परत नेणं त्यांचं कामच होतं, नवा मोबदला कुठे आहे? 1989 मध्ये मात्र अडचणीत आलेल्या सुताराला फ्लॅटमागे 575 पौंड जादा देण्याचं वचन कोर्टाने मानलं. काम वेळेत झाल्याने मुख्य कंत्राटदाराचा खरोखरच फायदा होत होता आणि त्याच्यावर दबाव आणलेला नव्हता. ‘पैसे वाढवा, नाहीतर काम सोडतो’ असा पेच घातला असता, तर जबरदस्तीचा मुद्दा आला असता.

या वादात पडायचं नसेल तर बदल ‘डीड’ (विशेष औपचारिक दस्त) म्हणून करावा. तिथे मोबदला लागत नाही. दस्तात तो डीड असल्याचं स्पष्ट हवं आणि व्यक्तीची सही साक्षीदारासमोर हवी. दाव्याची मुदतही साध्या कराराच्या 6 वर्षांऐवजी 12 वर्षं मिळते.

‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी चालते?

व्यावसायिकाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा इजा झाली, तर नाही. 1977 च्या कायद्याने ती वाट बंद केली. ग्राहकांसाठी आता 2015 चा कायदा तेच सांगतो. मालाचं नुकसान झाल्यास धंद्या-धंद्यातल्या करारात असं कलम रास्त असेल तरच टिकतं.