विलगीकरण, अलगीकरण आणि दारावरची पाटी

प्रश्न असा आला आहे: परिचारिकांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत करायची आहे. 'आयसोलेशन'ला विलगीकरण म्हणायचं की अलगीकरण? 'आयसोलेशन प्रिकॉशन्स'ला 'विलगीकरण खबरदारी' चालेल का? आणि 'रिव्हर्स आयसोलेशन'चं 'उलट विलगीकरण' कानाला खटकतं, त्याचं काय करावं?

पहिला प्रश्न लवकर मिटतो. लक्षणं असलेल्या किंवा निदान झालेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. रुग्णाच्या सहवासात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसाला अधिशयनकाळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) संपेपर्यंत वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण, अर्थात क्वारंटाइन. कोरोनाच्या काळात ही जोडी छापून आली खरी, पण बातम्यांमध्ये दोन्हींसाठी सर्रास 'विलगीकरण' वापरलं गेलं आणि बोलण्यात सगळेच 'क्वारंटाइन झाले'. तुमची पुस्तिका रुग्णालयातली आहे, म्हणजे तिच्यात बहुतेक ठिकाणी विलगीकरणच लागेल.

हा फरक व्युत्पत्तीत मात्र शोधू नका, तिथे तो सापडणार नाही. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच 'लग्' धातू आहे, चिकटणे या अर्थाचा. रोग 'लागतो', त्याची 'लागण' होते, तीही याच घरातली. गंमत म्हणजे संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चिकटलेला. मराठीतला 'विलग' नेमका त्याच्या उलट अर्थाने नांदतो. तेव्हा कोणता शब्द कशासाठी हे निव्वळ संकेताने ठरलं आहे. इंग्रजी शब्दांचं तसं नाही. रागुसा (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) बंदराने 1377 साली साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थोपवलं, पुढे मुदत चाळीस दिवसांची झाली आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीस या आकड्यावरून क्वारंटाइन आला. आयसोलेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'इन्सुला' म्हणजे बेट आहे.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: 'विलगीकरण खबरदारी' नको. त्यातून रुग्णापासून लांब राहण्याची खबरदारी असा अर्थ निघतो. परिचारिकेला तर त्या खोलीत दर पाळीत अनेकदा जावं लागतं: औषध द्यायला, कूस बदलायला, चादर बदलायला. तोडायची असते ती जंतूची वाट. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने 1996 मध्ये जी मांडणी केली, तिचा पायाच हा आहे. प्रत्येक रुग्णाशी वागताना घ्यायची एक किमान खबरदारी, आणि तिच्यावर, जंतू कोणत्या वाटेने पसरतो ते पाहून, जास्तीची. त्या जास्तीच्या भागाला 'संसर्गमार्गानुसार खबरदारी' म्हणा. लांब आहे, पण खरं सांगतं. किमान भागाला, म्हणजे 'स्टँडर्ड प्रिकॉशन्स'ना, 'प्रमाण खबरदारी' म्हणता येईल, प्रमाणभाषेतला 'प्रमाण'. 'प्रमाणित' नको, त्याचा अर्थ दाखला मिळालेली असा होतो. 'सार्वत्रिक' (युनिव्हर्सल) हेही टाळा, कारण ते 1980च्या दशकातल्या, मुख्यतः रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांसाठीच्या आधीच्या पद्धतीचं नाव आहे. आणि 'काळजी' अजिबात नको. रुग्णालयात काळजी रुग्णाची घेतात, जंतूंबाबत खबरदारी.

वाटा तीन. पहिली संपर्काची: खरूज, एमआरएसए (बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू), क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा जुलाब. 'संपर्क' शब्द आता फोन नंबरालाही लागतो, म्हणून पाटीवर 'स्पर्शातून पसरणारा संसर्ग' असं सरळ लिहिलेलं बरं. इथे क्रियापदाकडे जास्त लक्ष द्या. पाट्यांवर सर्रास 'हात निर्जंतुक करा' असतं. हात कधी निर्जंतुक होत नाहीत. तो शब्द ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातून, निघालेल्या हत्यारांसाठी राखून ठेवावा. शिवाय त्या सूचनेवर माणूस भिंतीवरच्या बाटलीतलं अल्कोहोल हाताला चोळून मोकळा होतो. क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंना, म्हणजे जंतूच्या टणक कवचातल्या सुप्त रूपाला, अल्कोहोल मारत नाही. ते साबण-पाण्याने धुऊनच काढावे लागतात. म्हणून त्या दारावर 'हात साबणाने धुवा', आणि जिथे अल्कोहोल चालतं तिथे 'हातांना चोळा'. धुणं आणि चोळणं ही दोन साधी क्रियापदं मराठीत आयती आहेत, त्यांना 'हस्तस्वच्छता' या एका पोत्यात कोंबू नका.

दुसरी वाट थेंबांची: फ्लू, डांग्या खोकला. यासाठी 'तुषार' हा शब्द मला फार आवडतो. रक्त किंवा लघवी अंगावर उडते तिला 'शिंतोडे' म्हणावं, खोकल्यातून उडतात ते तुषार.

तिसरी हवेची: क्षय, गोवर, कांजिण्या. इथले कण इतके बारीक की ते खोलीत तरंगत राहतात. अशा रुग्णासाठी 'हवेशीर खोली' लिहिलंत तर कुणीतरी दार सताड उघडं ठेवेल. हवी असते ती व्हरांड्यापेक्षा कमी दाबाची, दार लावलेली खोली, म्हणजे हवा बाहेरून आत येते, आतली व्हरांड्यात जात नाही. नव्या बांधकामात तिथली हवा तासाला किमान 12 वेळा बदलावी असा दंडक आहे. पुस्तकातला 'ऋण दाब' बरोबर आहे, पण पाटीवर 'दार बंद ठेवा' हेच कामाचं. तसंच 'मुखपट्टी' हा शब्द साध्या सर्जिकल मास्कपुरता ठेवा. एन95 हा रेस्पिरेटर, म्हणजे श्वासात जाणारी हवा गाळणारा मास्क आहे, 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण तो अडवतो आणि चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. क्षयाच्या रुग्णाला खोलीबाहेर नेताना त्याने मुखपट्टी लावायची, खोलीत जाताना परिचारिकेने एन95. दोन्हींना एकच शब्द दिलात तर या वाक्याचा पार विचका होईल.

एक गोष्ट न विचारता सांगतो. वॉर्डात 'त्याला आयसोलेशनला टाकलंय' असं बोललं जातं. मराठीत माणसाला टाकतात ते वाळीत, आणि नातेवाइकांच्या कानाला तोच वास येतो. पुस्तिकेत 'विलगीकरण कक्षात ठेवले आहे' असंच लिहा. 'विलगीकृत रुग्ण' तर वाचवतही नाही.

आता 'उलट विलगीकरण'. खटकतं ते बरोबरच: त्यातून विलगीकरण रद्द केलं असं वाटतं. इथे जंतू रुग्णाकडून इतरांकडे जाण्याची भीती नसते, इतरांकडून रुग्णाकडे येण्याची असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याची प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर आलेली असते. त्या खोलीत दाबही बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. म्हणून 'संरक्षक विलगीकरण'. वॉर्डात सगळे 'रिव्हर्स' म्हणतील, म्हणू द्या, पण पुस्तिकेत हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे कुणाचं कुणापासून संरक्षण ते एका वाक्यात लिहा, आणि दारावरच्या पाटीचा रंग वेगळा ठेवा, कारण सर्दी झालेल्या परिचारिकेने आत जाऊ नये ही सूचना या दारावर सगळ्यात वर हवी.