शाहूपुरीतलं घर भाड्यानं दिलंय, विमा काढून उपयोग आहे का?

उपयोग आहे की, २०१९ ला पंचगंगेचं पाणी आमच्या भाडेकरूच्या गॅसच्या शेगडीवरनं गेलं तेव्हा कळलं मला. 'भारत गृह रक्षा' म्हणून पॉलिसी आहे, एप्रिल २०२१ पासनं बहुतेक कंपन्या देतात, त्यात आग, पूर, भूकंप सगळं येतं आणि घर राहण्यालायक नसेल तेवढ्या काळाचं बुडालेलं भाडं पण. पण रक्कम बाजारभावानं लावू नका, जागेची किंमत त्यात धरत नाहीत, नुसता बांधायचा खर्च धरतात. आणि भाडेकरूनं भाडं थकवलं तर एक रुपया मिळत नाही हां! त्याच्या टीव्ही-फ्रिजचा विमा त्यानंच काढायचा. खाली दुकान असेल तर मात्र वेगळी पॉलिसी लागते.