प्रश्न तुमचे: तर्जनीचं वरचं पेर आणि अपघात विमा

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही धायरीला राहतो. माझ्या मिस्टरांचं नऱ्ह्याला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक पॉवर प्रेस आणि हाताखाली दोन मुलं. पण प्रेसवर बहुतेक वेळ ते स्वतःच बसतात. वय ४१. मालाच्या निमित्ताने रोज एक-दोनदा पुण्यातल्या, अपघातांसाठी कुप्रसिद्ध नवले पुलाच्या बाजूला गाडीवरून जाणं असतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला असतो. बँकेतून सारखा फोन येतो, ‘२५ लाखांचा अपघाती मृत्यू आणि अपंगत्व विमा घ्या.’ मिस्टरांचा ५० लाखांचा टर्म विमा आहे, घरात मेडिक्लेम आहे. ते म्हणतात, “मेल्यावर पन्नास मिळणारच आहेत, अजून पंचवीस कशाला? आणि बोट गेलं तर कोण पैसे देतंय?” मी शाळेत नोकरी करते. हा विमा घ्यावा का? दोघांनी घ्यावा का?

उत्तर: तुमच्या मिस्टरांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चूक. आणि हा विमा घ्यायचं खरं कारण त्या चुकलेल्या अर्ध्यातच आहे.

टर्म विमा मरणाचं कारण बघत नाही. ताप असो, हृदय असो, ट्रक असो, पैसे मिळतात. (आत्महत्येची पहिल्या वर्षाची अट सोडली तर.) त्यामुळे ज्याचा टर्म पुरेसा आहे त्याने केवळ मृत्यूसाठी अपघात विमा घेणं म्हणजे छत्रीवर छत्री. घरकर्ज आणि मुलांचं शिक्षण धरून ५० लाख कमी वाटत असतील तर टर्मच वाढवा. नवले पुलावर झालेलं नुकसान आणि डेंग्यूने झालेलं नुकसान घराला सारखंच भोवतं.

पण माणूस जगला आणि हात गेला तर? साधा टर्म विमा अशा वेळी काही देत नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो आणि बाजूला होतो. पुढची वीस वर्षं लेथवर कोण उभं राहणार, हा प्रश्न कुठल्याच पॉलिसीच्या कक्षेत येत नाही, फक्त अपघात विम्याच्या येतो.

मी ३१ वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटला काढली. आमच्याकडे अवयवांचा एक तक्ता असायचा. नवीन मुली तो पहिल्यांदा वाचायच्या तेव्हा चहा बाजूला ठेवायच्या. दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेले तर १०० टक्के, एक हात किंवा एक डोळा ५०. अंगठा पूर्ण २५ टक्के, अंगठ्याचं एक पेर १०. तर्जनीची तिन्ही पेरं १०, दोन पेरं ८, एक पेर ४. मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. काही कंपन्यांच्या तक्त्यात आकडे थोडे वेगळे असतात, अंगठ्याला २५ऐवजी २० वगैरे. तर बोटाचे पैसे कोण देतंय, याचं उत्तर हे. २५ लाखांच्या पॉलिसीवर तर्जनीच्या वरच्या पेराचे १ लाख, अख्ख्या अंगठ्याचे सव्वासहा लाख.

भोसरीच्या एका प्रेस ऑपरेटरची फाइल मला अजून आठवते. समोर बसला तर उजवी तर्जनी अंगठ्याखाली दाबून. टेबलावर हात ठेवा म्हटलं तेव्हा डाव्या हाताने उजवा उचलून ठेवल्यासारखा ठेवला. ट्यूब फडफडत होती म्हणून मी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून पाहिला. वरचं पेर गेलं होतं, पण हाडाचा तांदळाएवढा तुकडा बुडाशी शिल्लक दिसत होता. पॉलिसीत शब्द होता ‘पेर पूर्ण गमावणे’. त्या तांदळावरून फाइल दोनदा वर जाऊन खाली आली. शेवटी ४ टक्के मंजूर झाले. पॉलिसी १० लाखांची, म्हणजे ४० हजार. व्हाउचरवर सही करताना त्याने पेन डाव्या हातात घेतलं आणि नंतर काहीतरी आठवून उजव्यात. (जाता जाता, तुमच्या प्रेसला दोन्ही हातांची बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही अशी सोय आहे का? नसेल तर विम्याचा फॉर्म नंतर भरा, आधी ते काम करून घ्या.)

आता जो भाग बँकेच्या फोनवर सांगत नाहीत तो. अपघातात सगळ्यात जास्त काय होतं? हाड मोडतं. अवयव जात नाही, मनुष्य बरा होतो, आणि मधले दोन-तीन महिने बसून राहतो. नुसता ‘मृत्यू आणि अपंगत्व’ एवढाच विमा असेल तर या दोन-तीन महिन्यांचा एक पैसा मिळत नाही. हे मी अनुभवाने सांगते. निवृत्तीआधी पाचेक वर्षं, पहिल्या पावसात टिळक रोडला गाडी घसरली आणि मनगट मोडलं. नऊ आठवडे प्लास्टर. माझ्याकडे अपघात विमा होता, पण प्रीमियममध्ये थोडे रुपये वाचवायला मी ‘तात्पुरती पूर्ण असमर्थता’ हे कलम (बरं होईपर्यंत काम बंद, तोवर दर आठवड्याला पैसे) काढून टाकलं होतं. क्लेम डिपार्टमेंटच्या बाईने! ऑफिसमध्ये सगळ्यांनी मनसोक्त हसून घेतलं. मला निदान पगारी रजा होती. तुमच्या मिस्टरांना रजा देणारं कोणी नाही. मशीन बंद, दोन मुलांचे पगार चालू.

म्हणून त्यांच्यासाठी माझं मत: घ्या, पण मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व आणि तात्पुरती असमर्थता ही चारही कलमं असलेली पॉलिसी घ्या. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१पासून ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची एक प्रमाण पॉलिसी ठरवून दिली आहे. रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. पहिली तीन कलमं तिच्यात मुळातच आहेत. चौथं ऐच्छिक आहे, जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं. त्यात आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, म्हणजे २५ लाखांवर ५ हजार. इतर पॉलिसींत बहुधा १ टक्का असतो, पण वर एक मर्यादा घातलेली असते, ती विचारा. बँकेचा फोन आला की एवढंच विचारा, “प्लास्टरचे पैसे मिळतात का?” पलीकडचा मुलगा “थांबा, सरांना विचारतो” म्हणाला तर समजून जा.

दुसरी गोष्ट फॉर्मची. व्यवसायाच्या रकान्यात ‘बिझनेस’ लिहून मोकळं होऊ नका. अपघात विम्याचा दर सहसा वयापेक्षा कामावर ठरतो. टेबलावर काम करणारा वेगळा, मशीनवर काम करणारा वेगळा, खाणीत किंवा हाय टेन्शन लाइनवरचा आणखी वेगळा. ‘स्वतःचं वर्कशॉप, स्वतः प्रेस व लेथ चालवतो’ असं सरळ लिहा. प्रीमियम वाढेल. वाढू दे. दोन पैसे वाचवायला ‘सुपरव्हिजन’ लिहिलेले फॉर्म मी पुढे क्लेमच्या वेळी समोर ठेवलेले आहेत, आणि त्या खुर्चीत बसणं मला कधी आवडलं नाही. रक्कमही उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरते. आयकर रिटर्नमध्ये जेवढं दाखवलं तेवढंच तुमचं उत्पन्न. कर वाचवताना आपण स्वतःचा हात स्वस्त करून ठेवतो, हे आपल्या व्यापारी मंडळींना उशिरा कळतं.

तिसरी, केसपेपर. वर्कशॉपमध्ये बोट सापडलं की जवळच्या दवाखान्यात पळतात आणि पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घरी दारात सापडलं’ असं लिहून घेतात. तोच कागद पुढे पॉलिसीचा शत्रू होतो. कुठे, कसं, किती वाजता हे खरं तेच लिहून घ्या. अपघातानंतर १२ महिन्यांच्या आत झालेलं अपंगत्वच बहुधा धरतात, आणि दारू पिऊन झालेला अपघात धरत नाहीत.

हाताखालच्या दोन मुलांचं विसरू नका. कामावर त्यांना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. त्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते. मिस्टरांच्या अपघात विम्यात ती मुलं येत नाहीत आणि मुलांच्या पॉलिसीत मिस्टर येत नाहीत.

तुमचं स्वतःचं? नोकरी, पगारी रजा, खडू-फळा. मोठी पॉलिसी तातडीची नाही. पण दोघांनीही बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना चालू आहे का ते पासबुकात बघा. २०१५ साली १२ रुपये होते, १ जून २०२२पासून वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात वा पाय गेल्यास १ लाख. बोटांना काही नाही. पैसे मे अखेरीस आपोआप कापले जातात, खात्यात शिल्लक नसली की योजना गपचूप बंद पडते. २० रुपयांत हे घ्यावं का यावर मी चर्चा करत नाही.

प्रश्न: कोथरूडला राहते. घरात एक कार आणि एक स्कूटर, दोन्ही माझ्या नावावर. दोन्हींच्या पॉलिसीत मालक-चालक अपघात विम्याचे पैसे लावले आहेत. दोनदा का भरायचे? आणि वडील ७२ वर्षांचे आहेत. स्कूटर चालवताना हार्ट अ‍ॅटॅक येऊन पडले असते तर तो अपघात धरला असता का? (ते सुखरूप आहेत, पण गेल्या महिन्यात चक्कर आली होती.)

उत्तर: दोनदा भरू नका. सप्टेंबर २०१८मध्ये मालक-चालक विम्याची रक्कम १५ लाख झाली आणि १ जानेवारी २०१९पासून ही सोय गाडीच्या पॉलिसीपासून वेगळी घेता येऊ लागली. एका मालकाला एक पुरे. तुमची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी निदान १५ लाखांची असेल, तर गाडीबरोबर तीही नको. एजंटला तसं लिहून द्या. लक्षात ठेवा, ही सोय लायसन्स चालू असेल तरच, आणि मालकापुरतीच. मागे बसलेल्या मुलीला तिच्यातून काही मिळत नाही. बोटांचा तक्ताही तिच्यात नसतो.

वडिलांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’कडे झुकतं. मोटारसायकल चालवताना छातीत दुखून खाली पडलेल्या एका माणसाच्या पत्नीने अपघाताचा लाभ मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये तो नाकारला. मृत्यू अ‍ॅटॅकने झाला, पडल्यामुळे झाल्याचा पुरावा नव्हता, हा मुद्दा. त्याच वर्षी मार्चमध्ये मोझांबिकमध्ये डास चावून मलेरियाने झालेला मृत्यू अपघात नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. जिथे मलेरिया सर्रास होतो तिथे डास चावणं अनपेक्षित कसं म्हणायचं, असा तो विचार होता. साप चावणं मात्र अपघातात धरतात, फक्त हॉस्पिटलचा कागद त्याच वेळचा हवा.

तुमच्या बाबांना ७२व्या वर्षी २० रुपयांची योजनाही लागू नाही. चक्कर कशाने आली ते डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत स्कूटरची किल्ली तुमच्या पर्समध्ये ठेवा. ते चिडतील.