पिकअप ८०च्या वर थरथरते? आधी हे बघ

भाऊ, लगेच चाकांच्या अलाइनमेंटला (चाकं सरळ रेषेत लावायला) पळू नकोस, त्याने गाडी एका बाजूला ओढत असेल तर फरक पडतो, थरथर जात नाही. आधी थरथर कुठे लागते ते बघ. स्टेअरिंग हलत असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीट नि फ्लोअर हलत असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), आणि फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर डिस्क-ड्रम बघ. रिमच्या आत वाळलेला चिखल असतो बघ, पावसाळ्यात शेतात जाणाऱ्या गाड्यांना हमखास, तो खरवडून टायरला फुगा आलाय का हात फिरवून बघ, मगच चारही चाकं बॅलन्स कर. तरी राहिली तर त्याच स्पीडला एक गिअर खाली टाक, थरथर तशीच राहिली तर इंजिनचा दोष नाही, शाफ्टकडे वळ. गाडी बंद, चाकांच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावून खाली शीर, शाफ्ट हाताने हलव, क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला तुकडा) किंवा सेंटर बेअरिंगमध्ये (शाफ्टला मध्ये धरणारं बेअरिंग) प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर लगेच कळतं. आणि हो, शाफ्ट काढण्याआधी खडूने खुणा करून घे, उलटसुलट बसवला तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरेल. जादा माल भरायला मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे टाकलेत का? त्यानेही शाफ्टचा अँगल बिघडतो.